वाळकी फांदी आणि खुंटीवरचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात पिराजी जाधवांचा गोठा आहे. त्या गोठ्यात दावणीच्या वर एक लाकडी खुंटी आहे. माझं निम्मं आयुष्य त्या खुंटीवर गेलं. दोर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी येत असेल. ती वेगळी आणि मी वेगळा. मी अंगठ्याहून जाड आहे, आणि माझ्या अंगावर टॉवेल वाळत घालायची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

माझा जन्म घायपाताचा. शेताच्या बांधावर लांब, काटेरी पानांचं ते झुडूप तुम्ही पाहिलं असेल. त्याची पानं पाण्यात कुजवायची, ठेचायची, धुवायची आणि आतला पांढरा वाख, म्हणजे धागा, उन्हात वाळवायचा. मग एकानं पीळ देणारा चरक फिरवायचा आणि दुसऱ्यानं वाख लावत उलट्या पावलांनी मागं जायचं. मला वळणारं एक जोडपं होतं. नवरा चरक फिरवायचा, बायको वाख लावायची, आणि दोघांचं भांडण अखंड चालू असायचं. कदाचित म्हणूनच माझा पीळ इतका घट्ट बसला असावा. आधी माझे तीन पेड वेगवेगळे वळले, मग तिन्ही मिळून मी झालो.

मला वळून घेतलं होतं ते गावच्या सासनकाठीसाठी. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गावोगावच्या उंच सासनकाठ्या येतात. काठी तोल जाऊन पडू नये म्हणून तिला चारी बाजूंनी दोर बांधतात आणि माणसं ते दोर ताणून चालतात. एकानं जास्त ओढलं तर काठी कलते, एकानं सैल सोडलं तरी कलते. माझं टोक पिराजीच्या हातात असायचं. गुलालानं तो आणि मी दोघंही ओळखू येत नसू. तो ओढायचा कमी आणि समोरच्याकडं बघायचा जास्त. समोरचा किती ओढतोय हे ज्याला कळतं, त्यालाच दोर धरता येतो.

पुढं काठीला नवे नायलॉनचे दोर आले. मला अडगळीत टाकणार होते, पण पिराजीनं मला मागून घेतलं. मी त्याला अरेतुरे करतो म्हणून राग मानू नका. ज्याच्या तळहाताचे घट्टे माझ्यामुळं पडले, त्याला अहो-जाहो करायला मला जमत नाही.

पिराजीच्या घराला लागून गणपती कांबळेचं घर. दोघं शाळेपासूनचे मित्र. गणपती उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फिटर होता. अंगानं सडपातळ, झाडावर चढायला पटाईत. सुट्टीच्या दिवशी ही जोडी मला घेऊन बाहेर पडायची. कुणाच्या घरावर चिंच वाकलेली असायची, कुणाच्या पत्र्यावर आंब्याची वाळकी फांदी लोंबत असायची. अशी फांदी नुसती तोडली तर ती घरावरच पडणार. ती उतरवावी लागते. ते काम माझं.

कसं ते सांगतो. गणपती वर चढायचा. माझं एक टोक वाळक्या फांदीला बांधायचा, मग मला वरच्या एखाद्या जिवंत, दणकट फांदीवरून खाली सोडायचा. खाली पिराजी मला बुंध्याभोवती दोन-तीन वेढे द्यायचा. वर गणपती आधी फांदीला खालून थोडा काप द्यायचा, मग वरून करवत चालवायचा, म्हणजे साल सोलत जात नाही. फांदी सुटली की तिचं सगळं ओझं माझ्यावर यायचं. मी करकरायचो. पिराजी मला इंचाइंचानं सैल सोडायचा, आणि ती एवढी थोरली फांदी हळूहळू अंगणात टेकायची. वर एकाचा जीव, खाली दुसऱ्याचे हात, आणि मधे मी.

एकदा गडहिंग्लजला गेलो होतो. पिराजीची थोरली बहीण आक्का तिथं दिली आहे. तिच्या नव्या कौलांवर फणसाची फांदी आली होती. एसटीत कंडक्टरनं माझी वेटोळी बघितली आणि म्हणाला, "पावणं, ह्ये काय आणलंयसा? अजगर हाय का दोर?"

"दोर हाय मर्दा," गणपती म्हणाला. "चावत न्हाय. मांडीवर घिऊन बसतो की."

सगळी एसटी हसली. मला मांडीवर घेऊन तो गडहिंग्लजपर्यंत बसला. ती फांदी आम्ही अशी उतरवली की आक्काच्या घराचं एक कौल हललं नाही. आक्कानं दोघांना पुरणपोळी वाढली आणि मला हात लावून म्हणाली, "ह्यो सोल माझ्या भावापेक्षा कामाचा हाय." सोल म्हणजे जाड दोर, मीच. अशी शाबासकी मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही.

आता त्या पिंपळाबद्दल सांगायला हवं. दोन्ही घरांच्या मधल्या हद्दीवर एक मोठा पिंपळ होता. गणपतीच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तो लावला होता. कांबळ्यांच्या घरी त्याला बोधिवृक्ष म्हणत. बुद्ध पौर्णिमेला त्याच्या बुंध्याशी मेणबत्त्या लागायच्या, पांढरी फुलं वाहिली जायची, आणि पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, पाऊस उघडला की गणपती तिथं बसून धम्माचा ग्रंथ वाचायचा. पिराजीची बायको बाळाबाई दर शनिवारी त्याच पिंपळाला पाणी घालायची. एकाच झाडाखाली एका बाजूला हळदकुंकू आणि दुसऱ्या बाजूला मेण, असं कित्येक वर्षं चाललं. कुणाची कुणाला अडचण झाली नाही. गोठ्याला पुढून भिंत नाही, त्यामुळं खुंटीवरून मला हे सगळं दिसायचं.

काळ पुढं गेला. गणपती निवृत्त झाला. त्याच्या गुडघ्यांनी झाडाचं नाव टाकलं. मुलगा धम्मपाल गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला लागला आणि त्यानं बापाला झाडावर चढायची बंदी केली. पिराजीचे केस पिकले. गावात मशीनची करवत घेतलेली माणसं आली. ती भर्रकन फांदी कापतात, धाडकन पाडतात आणि मोटारसायकलवरून निघून जातात. मला कुणी विचारेना. माझ्यावर धूळ साठली, चिमण्यांनी माझा वाख उपसून घरटी केली, आणि एका मांजरीनं माझ्या वेटोळ्यात पिल्लं घातली. ते दिवस एका परीनं बरे होते. पिल्लं ऊबदार असतात.

एका चैत्रात पिंपळाला नवी तांबूस पालवी फुटली. सगळीकडं फुटली, फक्त एका फांदीला फुटली नाही. ती कांबळ्यांच्या परसदारावर पसरलेली होती. मीनाबाई, म्हणजे गणपतीची बायको, तिच्याच खाली, पिंपळाच्या सावलीत, धान्य निवडायला बसायची. पहिल्या वर्षी वाटलं, उशिरा फुटेल. दुसऱ्या वर्षी तिची साल सुटली आणि खालून पांढरं लाकूड दिसायला लागलं. वारा आला की काटक्या पडायच्या. मीनाबाई त्या गोळा करून भिंतीकडेला रचून ठेवायची. बोधिवृक्षाचं लाकूड ती जाळणार नव्हती, आणि बाळाबाईही पिंपळ चुलीत घालत नाही. भिंतीकडेचा ढीग वाढत गेला. रोज सगळे त्याच्या बाजूनं जायचे आणि त्याच्याकडं बघायचे.

एक दिवस पिराजीनं मला खुंटीवरून काढलं. माझा जीव सुपाएवढा झाला. त्यानं मला झटकलं, पेड न् पेड दाबून बघितला, खांद्यावर टाकलं आणि पिंपळाखाली गेला. गणपती तिथं पारावर बसला होता.

"दोर कशाला काढलायस रं पिरा?" गणपतीनं विचारलं.

पिराजीनं वर फांदीकडं बघितलं. मग खाली बघितलं. मग म्हणाला, "काय न्हाय. वाळवी लागल्या काय बघत हुतो."

"लागल्या का?"

"न्हाय. चांगला हाय."

मग ते उसावर बोलले, गुडघ्यांवर बोलले, कुणाच्या तरी लग्नाच्या जेवणातल्या तांबड्या रश्शावर बोलले. फांदीचं नाव कुणी काढलं नाही. पिराजीनं मला परत आणून खुंटीवर टाकलं. संध्याकाळी बाळाबाईनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "गणपाच्या बाबांनी दीक्षा घिऊन लावल्यालं झाड हाय. मी कोन कुऱ्हाड लावनारा? त्यो म्हनला तर करायचं. आपनहून कसं म्हनायचं?"

तुम्ही म्हणाल, मग गणपतीनं म्हणायचं. तोही एकदा गोठ्यात आला होता. माझ्यावरून हात फिरवत उभा राहिला. बाळाबाई धार काढत होती.

"दोर न्यायचा हाय काय भावजी?" तिनं विचारलं.

"न्हाय वैनी," तो म्हणाला. "आपला बघितला. अजून दणकट हाय की."

आणि निघून गेला. त्याच्या घरात त्या दिवशी काय बोलणं झालं ते मला पुढं कळलं. धम्मपाल म्हणत होता की फांदी काढूया, मशीनवाल्याला बोलावतो. गणपतीनं त्याला गप्प केलं. "वैनी शनवारी त्या झाडाला पानी घालत्यात. आपन करवत लावली तर त्यांच्या मनाला काय वाटंल? इतकी वर्सं कुनाचं मन दुखवलं न्हाय, आता म्हातारपनी दुखवू?"

मित्रांनो, गडहिंग्लजच्या फणसावर गणपतीनं आपला जीव पिराजीच्या हातात दिला होता. तेव्हा त्यानं खाली वाकून विचारलंही नव्हतं की धरलायस ना. असे हे दोघं, एका वाळक्या फांदीबद्दल एकमेकांना विचारू शकले नाहीत. दोघंही वाईट नव्हते. दोघंही एकमेकांची मनं जपत होते. मला त्यांचा राग येतो आणि राग आला की लगेच वाईट वाटतं. खुंटीवर लटकून मी काय करणार? दोराला तोंड नसतं.

उन्हाळ्याचे दिवस होते. मसाला करायची वेळ आली होती. मीनाबाई आणि बाळाबाई पिंपळाखाली पोतं अंथरून मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. दोघींना शिंका येत होत्या आणि दोघी एकमेकींच्या शिंकांना हसत होत्या. वारा अजिबात नव्हता, पान हलत नव्हतं. बाळाबाई चाळण आणायला म्हणून उठली आणि घरात गेली.

आधी कडकन आवाज झाला. मीनाबाईनं वर बघितलं, पण उठायला वेळ मिळाला नाही. आख्खी फांदी खाली आली. कौलं फुटली, धूळ उडाली, मिरच्या सगळीकडं पसरल्या. धूळ बसली तेव्हा मीनाबाई फांदीखाली होती. बाळाबाई चाळण हातात घेऊन दारात उभी होती. मग ती ओरडली, आणि आख्खी गल्ली धावली.

फांदी उचलायला बरीच माणसं लागली. मी ती एकट्या पिराजीच्या हातून खाली टेकवली असती. मीनाबाई वाचली. पण तिचं मांडीचं हाड चुरलं आणि कंबरेलाही मार बसला. तिला कोल्हापुरातल्या दवाखान्यात नेलं, पायात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पूर्वीसारखी नाही, आणि मांडी घालून खाली बसायचं तर विसराच.

यानंतर जे झालं ते मला जास्त लागलं. धम्मपाल दवाखान्यातून आला तो रागातच. "ह्ये झाडच नको आता," तो म्हणाला. त्याची आई दवाखान्यात पडली होती, त्याला कोण काय बोलणार? पडायची ती फांदी पडली होती. बाकीचा पिंपळ हिरवागार होता. हे पिराजीला दिसत होतं, गणपतीलाही दिसत होतं. पण गणपतीला वाटलं, मुलाचं दुःख मोठं आहे, गप्प बसावं. पिराजीला वाटलं, ज्यांच्या घरचं माणूस पडलं त्यांना आपण कोणत्या तोंडानं झाड ठेवा म्हणायचं. दोघं परत गप्प बसले. रीतसर परवानगी आणली आणि मशीनवाले आले.

त्यांचा दोर आखूड पडला. त्यांनी विचारलं, गावात कुणाकडं लांब दोर आहे का. पिराजी गोठ्यात आला. त्यानं मला खुंटीवरून काढलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा झाडावर चढलो, आणि तेही आमच्याच पिंपळावर. वरच्या शेंड्याजवळ मला बांधलं आणि माझं दुसरं टोक ट्रॅक्टरला लावलं. आयुष्यभर मी फांद्या हळू उतरवल्या होत्या, घर आणि झाड दोन्ही राखून. त्या दिवशी मला झाड पाडायला ओढलं. बुंधा कापत आला तेव्हा ट्रॅक्टरनं हिसका दिला आणि माझ्या तीन पेडांतला एक तटकन तुटला. पिंपळ पडला. पाखरं बराच वेळ वर फिरत राहिली. बाळाबाई घरात जाऊन बसली.

मीनाबाईला कुणी काही सांगितलं नव्हतं. रिक्षा दारात थांबली, धम्मपालनं आणि गणपतीनं तिला धरून उतरवलं. शेजारी म्हणून पिराजी आणि बाळाबाईही उभे होते. मीनाबाईनं वर बघितलं. जिथं सावली असायची तिथं रखरखीत ऊन होतं.

"झाड कुठं हाय?" तिनं विचारलं.

धम्मपाल म्हणाला, "तोडलं आई. तुझा पाय..."

"माझा पाय मोडला तर त्येला मुळासकट काढलासा?" ती म्हणाली. "सासऱ्यांनी लावल्यालं झाड. एक फांदी वाळली हुती, एक. मला दिसत हुती. तुम्हा दोघास्नी दिसत न्हवती काय? सारा मुलूख पालथा घालून लोकांच्या फांद्या उतरवल्यासा, आन आपल्या दारची?"

पिराजी खाली बघत म्हणाला, "वैनी, मला वाटलं, गणपाच्या बाबांचं झाड. करवत लावतो म्हनलं तर त्येला काय वाटंल."

गणपतीनं मान वर केली. "आरं, मी गप्प बसलो ते तुझ्यामुळं. बाळावैनी पानी घालत्यात, त्यास्नी काय वाटंल म्हनून."

मग बाळाबाई पुढं आली. तिचे डोळे भरले होते. "भावजी," ती म्हणाली, "मी झाडाला पानी घालत हुतो. वाळक्या फांदीला घालत हुतो व्हय? मला विचारायचं तरी."

रिक्षावाला बिचारा उगाच आरसा पुसत बसला. पिराजीनं हात जोडायला उचलले आणि अर्ध्यावरच खाली घेतले. गणपती बायकोचा दंड धरून तसाच उन्हात उभा होता. ज्या दोघांना दोर किती ताणायचा, किती सोडायचा हे कळत होतं, त्यांचे हात त्या दिवशी मला फार रिकामे दिसले.

आता मला वजन पेलत नाही. तुटलेल्या पेडाचा दोर फांदीला बांधू नये. पण दोघांनी मिळून मला एक काम दिलं आहे. कांबळ्यांच्या परसदारात, घराच्या दारापासून न्हाणीच्या दारापर्यंत, मला कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधलं आहे. एक टोक गणपतीनं बांधलं, दुसरं पिराजीनं. बांधताना दोघं मोठ्यानं बोलत होते. "जास्त ताण हुतोय का?" "हुतोय, जरा सैल सोड." "आता?" "आता बरं हाय." हल्ली ते प्रत्येक गोष्ट विचारतात. मीठ जास्त झालं का इथपर्यंत विचारतात. बाळाबाई त्यांना हसते, आणि हसता हसता तिची नजर मीनाबाईच्या पायाकडं जाते.

मीनाबाई रोज मला धरून चालते. तिचा हात गरम असतो. मधेच ती थांबते, डोक्यावर पदर ओढते, कारण तिथं ऊन फार लागतं. मग परत चालायला लागते. मी तिला जमेल तेवढा आधार देतो, पण मी दोर आहे, पाय नव्हे. आणि सावली तर मुळीच नव्हे.

मित्रांनो, तुमच्याही घराजवळ एखादं मोठं झाड असेल. त्याच्यावर प्रेम करा, त्याला पाणी घाला, त्याच्यापुढं दिवा लावा, पण वर्षातून एकदा मान वर करून त्याच्याकडं नीट बघा. एखाद्या फांदीला पालवी फुटली नसेल, साल सुटली असेल, तर तिच्याखाली बसू नका आणि आपल्या माणसाला बसू देऊ नका. फांदी उतरवणाऱ्या माणसाला बोलवा. वेळेवर एक फांदी उतरवली तर झाड राहतं. आणि ते झाड दोन घरांचं असेल तर आधी शेजारच्या दारात जा. त्याला काय वाटेल याचा घरात बसून अंदाज बांधत बसू नका, त्यालाच विचारा. फार तर तो नाही म्हणेल. फार तर रागावेल आणि चार दिवस बोलणार नाही. चालेल. तुमच्या घरातलं कुणी उन्हातून दोराला धरून चालत असण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.